आधी सूप, मग नाव

कुठे काही शंभर वर्षांचं होतंय एवढं नुसतं कानावर पडलं, की मराठी माणसाचा हात आपोआप स्मरणिकेकडे वळतो. सिपोरा झिराडकरचंही तेच झालं. टोरोंटोच्या डॅनफर्थ रस्त्यावरचा 'अनातोली' हा छोटासा फुटबॉल क्लब येत्या मे महिन्यात शंभरी गाठणार होता. कमिटीतल्या बाकीच्यांचं म्हणणं असं, की एक मॅच खेळू, एक केक कापू, संपलं. सिपोरानं हात वर केला आणि म्हणाली, "आपण एक छान पुस्तिका काढायला हवी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काम तिच्याच गळ्यात टाकून मंडळी कॉफी प्यायला निघून गेली. सूचना करणाऱ्यालाच ती निस्तरायला लावायची ही पद्धत ठाण्यात आहे तशीच टोरोंटोतही आहे.

पुस्तिकेचं बाकीचं सगळं भराभर जमलं. जाहिराती आल्या, अध्यक्षांचं मनोगत आलं, बारा वर्षांखालच्या मुलींच्या टीमचा फोटो आला. अडलं ते पहिल्या पानावर. तिथे क्लबाचा इतिहास यायचा होता आणि इतिहास कोणाकडेच नव्हता. शंभर वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून लाखो ग्रीक ख्रिश्चनांना घरदार टाकून निघावं लागलं, त्यातले अकरा निर्वासित ग्रीसमार्गे इथे पोचले आणि १९२६ साली त्यांनी हा क्लब काढला, एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता. अकरा जण, एक चेंडू आणि गुडघाभर बर्फ.

इतक्या कडाक्याच्या थंडीत, पोटापाण्याची भ्रांत असताना या लोकांना फुटबॉल क्लब कशासाठी काढावासा वाटला, हे विचारायला एकच माणूस उरला होता. लेफ्तेरिसकाका. त्या अकरांपैकी एकाचा मुलगा, वय वर्षं नव्वद. क्लबाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असत. सिपोरा त्यांना पहिल्यापासून काका म्हणायची, आणि काका म्हणजे काय ते समजल्यावर म्हाताऱ्यानं ते नाव अगदी ऐटीत मिरवलं होतं. दोघांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाले, पण 'काका' तेवढं मराठीत.

"लिही की," काका म्हणाले. "अकरा माणसं, एक चेंडू, पुष्कळ बर्फ. आणखी काय हवंय तुला?"

"काका, एवढ्यात पान कसं भरेल?"

"फॉन्ट मोठा कर."

सिपोरा हसली, पण तिला आतून रुखरुख लागली. समारंभ झाला की काकांची मुलगी त्यांना ग्वेल्फला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार होती. काका गेले की विचारायला कोणी उरणार नव्हतं. आणि या क्लबाचं पहिलं पान कोरं ठेवणं तिला जमणारंच नव्हतं. या दाराचे तिच्यावर उपकार होते.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिपोरा, तिचा नवरा जोशुआ आणि आठ वर्षांचा ओरी ठाण्याहून नुकतेच आले होते. जानेवारी महिना. सिपोरा आणि ओरी बसस्टॉपवर उभे होते, बस चुकली होती, आणि ओरीच्या पायात मुंबईचे कॅनव्हासचे बूट होते. पोरगं आधी रडत होतं, मग रडायचंही थांबलं, तेव्हा ती घाबरली. समोरच्या विटांच्या इमारतीचं दार उघडलं आणि एक उंच म्हातारा, हेच ते काका, हातवारे करून ओरडला, "आत या! आधी आत या!" बेसमेंटमध्ये मोठं पातेलं उकळत होतं. त्यानं दोन वाडगे भरून पुढे ठेवले. नाव विचारलं नाही, कुठले ते विचारलं नाही.

सिपोराचा चमचा हवेतच थांबला. त्या सुपात काय असेल? ती बेने इस्रायल, अलिबागकडच्या मराठी ज्यू घराण्यातली. खाण्यापिण्याचे नियम तिच्या आईनं तिच्या अंगात भिनवले होते. परक्या देशात पहिल्याच माणसाला, तेही त्यानं वाढल्यावर, यात काय घातलंय असं कसं विचारायचं?

"बीन्स," म्हातारा आपणहूनच म्हणाला. "बीन्स, गाजर, कांदा, तेल. शंभर लोक आले तरी इथे हेच सूप मिळतं. क्लबाचा नियमच आहे. आधी सूप, मग नाव."

त्या संध्याकाळी ओरीला कोणाचे तरी जुने, लोकरीचं अस्तर असलेले बूट मिळाले. पुढे त्याला टीम मिळाली, जोशुआला क्लबातल्याच एकाच्या ओळखीनं पहिली नोकरी मिळाली, आणि सिपोराला माणसं मिळाली. आज ती नॉर्थ यॉर्कमधल्या ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर होती, ओरी चोवीस वर्षांचा घोडा झाला होता. पण घेवड्या-राजम्याची उसळ गॅसवर रटरटू लागली की अजूनही तिला ते बेसमेंट आठवे आणि मन भरून येई.

तर मार्च अखेरीस एका दुपारी काकांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक वही काढून टेबलावर ठेवली. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, पानं पिवळी पडलेली, वर बारीक, घट्ट अक्षर.

"माझ्या वडिलांची आहे. अनेस्तिस त्यांचं नाव. फोटोत डावीकडून तिसरे."

सिपोराचे डोळे चमकले. "काका! एवढे दिवस ही वही तुमच्याकडे होती आणि तुम्ही मला फॉन्ट मोठा करायला सांगत होतात?"

"वाचता आली तर उपयोग. अक्षरं ग्रीक आहेत, पण शब्द कुठलेच नाहीत. वडील गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. एका शिकलेल्या गृहस्थाला वही दाखवली. दोन पानं चाळून तो म्हणाला, हे काही नाही, अडाणी माणसानं नुसती अक्षरं गिरवलीत." काकांनी वहीवरून हात फिरवला. "मला इतकी लाज वाटली, की मी ती डब्यात घातली. वडिलांना धड ग्रीक बोलता येत नसे. इंग्रजी तर त्याहून वाईट. मला वाटलं, बरोबर आहे, लिहिताही येत नसणार."

मग त्यांनी वही मधेच एका पानावर उघडली.

"एक दिवस आहे," ते म्हणाले. "१९४८, ऑक्टोबरमधला शनिवार. मी बारा वर्षांचा होतो. मॅच चालू होती. वडील हॉटेलातल्या भांड्यांवरून तसेच आले होते, ओला ॲप्रन घालून, आणि कडेला उभे राहून मला मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते. मोडकंतोडकं. सगळी मुलं हसायला लागली. समोरच्या टीमच्या कोचनं मला विचारलं, हा माणूस तुझा कोण? मी म्हणालो, 'आय डोन्ट नो दॅट मॅन.' वडील दहा फुटांवर होते. त्यांनी ऐकलं. मग ते गोलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि घरी जाताना माझ्या मागून दहा पावलं चालत आले. त्यानंतर तेरा वर्षं जगले, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत." काकांनी वही तिच्याकडे सरकवली. "या वहीत त्या तारखेचं पान आहे. आकडे मला वाचता येतात. सिपोरा, तुझ्या इतिहासाशी मला देणंघेणं नाही. त्या पानावर त्यांनी मला शिव्या दिल्या असतील तर त्या तरी मला कळू देत. ग्वेल्फला जायच्या आधी."

सिपोरा वहीचे फोटो काढून घरी आली ती पार हलून गेली होती. जोशुआला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ग्रीक लोकांना जे वाचता येत नाही ते तू काय वाचणार? कुठल्या तरी युनिव्हर्सिटीला ईमेल कर आणि मोकळी हो." तिनं ईमेल केली. स्वयंचलित उत्तर आलं, की सहा ते आठ आठवड्यांत संपर्क साधू.

आणि मग ज्यूंचा पेसाहचा सण आला. घरात पाव, यीस्ट काही ठेवायचं नाही, म्हणून सिपोरानं सगळी पॅन्ट्री घासूनपुसून काढली होती. संध्याकाळी टेबलावर पांढरी चादर, बेखमीर भाकरी, खजुराचा पाक. ओरी त्याच्या कॉन्डोमधून आला होता, फोन खिशात ठेवायचं वचन देऊन. सिपोरानं नेहमीप्रमाणे आजीचं पुस्तक उघडलं. आजीला हिब्रू लिपी येत नव्हती. म्हणून तिच्या काळच्या अनेकांसारखंच तिचंही पुस्तक असं होतं, की प्रार्थना हिब्रू, पण छापलेली आपल्या बाळबोध अक्षरांत. शाळेत मराठी शिकलेल्या कोणालाही ती खडाखडा वाचता यावी. सिपोरा तशीच वाचत होती, आजीच्या चालीवर, डोलत डोलत.

"आई," ओरीनं मधेच विचारलं, "डू यू इव्हन नो व्हॉट यू आर रीडिंग?"

"प्रत्येक शब्द नाही रे. अक्षरं आपली आहेत, भाषा त्यांची..."

आणि ती थांबली. पुस्तक हातातच राहिलं. जोशुआला वाटलं, हिला चक्कर आली. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

"जोशुआ," ती म्हणाली, "ती वही वाचायची नाहीच आहे. ती ऐकायची आहे!"

दुसऱ्या दिवशी ती धावतच क्लबात गेली. तुर्कस्तानातून आलेला माणूस, ग्रीक अक्षरं, आणि ग्रीक नसलेली भाषा. दोन अधिक दोन इतकं सोपं होतं ते, निदान ज्याच्या आजीकडे तसं पुस्तक होतं त्याला. तिनं उत्साहाच्या भरात काकांना सगळं सांगून टाकलं, "काका, मला वाटतं तुमच्या वडिलांची भाषा तुर्की होती. गावात तीच बोलत असतील, आणि लिहायला चर्चमधली अक्षरं शिकले असतील. तुम्ही मोठ्यानं वाचा, आपण नेसरीनला ऐकवू."

नेसरीन म्हणजे मुलींच्या टीममधल्या एका खेळाडूची आई. तुर्कस्तानातल्या अंकाराची होती. क्लबात तिला कोणी ती कुठली असं विचारलं नव्हतं, तिनंच कधीतरी सांगितलं होतं.

काकांचा चेहरा बदलला. "माझे वडील तुर्क नव्हते."

"मी तसं म्हणतच नाही, काका..."

"त्यांना लोक 'तुर्काचं बी' म्हणायचे. आपलेच लोक! याच रस्त्यावर! माझ्या लहानपणी मी त्यासाठी मारामाऱ्या केल्यात. आणि आता तू, माझ्या टेबलाशी बसून?" ते उठले, वही डब्यात टाकली आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर गेले. सूप गॅसवर तसंच राहिलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा सिपोरानं ते स्वतः बंद केलं.

घरी येऊन तिनं स्वतःला यथेच्छ बोल लावून घेतले. जोशुआनं अर्थातच त्यात भर घातली, "तुला नसते उद्योग सांगितले होते कोणी?" ज्या माणसानं आपल्याला नावसुद्धा न विचारता आत घेतलं, त्याच्याच वडिलांची जात-भाषा आपण काढून बसलो. तिचं चुकलं नव्हतं, पण तिला तसं काही केल्या वाटेना. दहा दिवस तिनं फोन केला नाही. पहिलं पान तिनं खरोखरच मोठ्या फॉन्टमध्ये टाइप करायला घेतलं.

ग्रीक ईस्टरच्या रविवारी क्लबात लाल अंड्यांचा खेळ असतो. आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं, ज्याचं फुटणार नाही तो नशीबवान. सिपोरा भीतभीतच गेली. काका कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटे बसले होते, समोर तो पत्र्याचा डबा. त्यांनी तिला हातानं बोलावलं.

"दार लावून मी घरी मोठ्यानं वाचून पाहिलं," ते हळूच म्हणाले. "चोरासारखं. एक शब्द ओळखीचा निघाला. ओलुम. वडील मला ओलुम म्हणायचे. फक्त मलाच. मला वाटायचं, माझं लाडाचं नाव आहे, त्याला काही अर्थ नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बोलव तिला."

नेसरीन आली ती मुलीचे चिखलाचे बूट हातात धरूनच. काकांनी चष्मा पुसला आणि त्या ऑक्टोबरच्या पानाऐवजी पहिलंच पान उघडलं. धीर गोळा करत असावेत. बोट अक्षराखाली ठेवून ते वाचू लागले, अडखळत, पहिलीतल्या मुलासारखे. एका ओळीनंतर नेसरीननं हातातले बूट खाली ठेवले. दुसऱ्या ओळीनंतर ती खुर्ची ओढून बसली.

"ही माझ्या आजीची तुर्की आहे," ती म्हणाली. "गावाकडची, जुनी. थांबू नका."

काका वाचत होते, नेसरीन ऐकून इंग्रजीत सांगत होती, आणि सिपोरा लिहून घेत होती. पहिल्या पानावर क्लबाचा इतिहास होता. "आम्ही अकरा जण शहरातल्या ग्रीकांच्या टीममध्ये खेळायला गेलो. दारात विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? आम्ही खरं सांगितलं. त्यांनी दार लावलं. गावात आम्ही ख्रिश्चन म्हणून परके, इथे आमच्या तोंडात तुर्की म्हणून परके. तेव्हा आम्ही आपलं एक दार करायचं ठरवलं. आपल्या दारात कोणाला काही विचारायचं नाही. आधी सूप द्यायचं. सूप बीन्सचं करायचं, म्हणजे यात काय आहे असं पाहुण्यालाही विचारावं लागणार नाही."

सिपोराची लेखणी थांबली. कागद दिसेनासा झाला होता. ती जन्मायच्या कितीतरी आधी, हॉटेलात भांडी घासणाऱ्या एका माणसानं तिच्या त्या अडलेल्या चमच्याचा विचार करून ठेवला होता.

"आता ते पान," काका म्हणाले. पान त्यांना शोधावं लागलं नाही. वही तिथे आपोआप उघडत होती. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि सुरुवात केली. नेसरीननं या वेळी सगळं पान संपेपर्यंत मधे तोंड उघडलं नाही. संपल्यावर ती सावकाश सांगू लागली.

"शनिवार. आपण दोन-एकनं जिंकलो. माझा मुलगा चांगला खेळला. एका साहेबानं त्याला विचारलं, हा माणूस कोण? माझा मुलगा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. इंग्रजीत म्हणाला. एकदासुद्धा अडखळला नाही. साहेबानं त्याचं म्हणणं पहिल्या खेपेला ऐकून घेतलं. मी ग्रीक बोललो की लोक हसतात, इंग्रजी बोललो की हसतात, आणि माझी भाषा मी बोलत नाही. माझ्या मुलाला कोणी हसलं नाही. देवा, तुझे फार उपकार आहेत. येताना मी मागून चाललो, तो कसा चालतो ते बघत. डाव्या पायानं लंगडतोय. बूट लहान झालेत. सोमवारी नवे बघायला हवेत."

बाजूच्या टेबलावर अंडी फुटत होती, मुलं ओरडत होती.

"बूट आले होते," काका म्हणाले. "त्या आठवड्यातच. मला वाटलं, आईनं आणले." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि नव्वद वर्षांचा तो माणूस ढसाढसा रडला. नेसरीननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सिपोरा उठली आणि तिला सुचलं ते एकच केलं. स्वयंपाकघरात जाऊन सुपाचा वाडगा भरून आणला.

चार घोट पोटात गेल्यावर काकांनी विचारलं, "आणि ओलुम? ओलुम म्हणजे काय?"

"माझ्या मुला," नेसरीन म्हणाली. "एवढंच. माझ्या मुला."

त्या रात्री ओरीचा फोन आला. आठवड्याभराचं सगळं तो एका दमात सांगत सुटला, अस्खलित इंग्रजीत. एरवी सिपोरा दर दोन वाक्यांनी "मराठीत बोल रे" म्हणून त्याला टोकायची. आज तिनं एकदाही टोकलं नाही, नुसतं ऐकत राहिली. शेवटी त्यालाच चैन पडेना. "आई? आर यू ओके?" आणि मग जरा वेळानं, मोडकंतोडकं, "तू... बरी आहे ना?" ती म्हणाली, "खूप बरी आहे रे, राजा."

मे महिन्यात समारंभ झाला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अनेस्तिस यांचा मजकूर होता, त्यांच्याच अक्षरात, आणि खाली इंग्रजी. ते ऑक्टोबरचं पान छापायचं की नाही ते सिपोरानं काकांवर सोपवलं होतं. "छाप," ते म्हणाले होते. "सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोरच वाचू दे."

मॅच संपल्यावर नेसरीनची मुलगी चिखलानं माखलेली आत आली आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली. काका तिथेच खुर्चीवर बसले होते, ग्वेल्फच्या गाडीची वाट बघत. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सकाळीच सिपोराच्या हातात दिला होता.

"हा डावीकडून तिसरा कोण?" मुलीनं विचारलं.

काका काठी टेकत उठले. फोटोच्या अगदी जवळ गेले, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मी या माणसाला ओळखतो. हे माझे वडील."